मागून येणारीचा फोटो

माझ्या वडिलांनी आयुष्यात हौसेनं घेतलेल्या वस्तू दोनच. एक रेडिओ, तो बिघडला. दुसरा कॅमेरा, तो अजून चालतो. वाटूरला आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तो ठेवलेला असायचा. पोळ्याला बैल सजले की बाहेर निघायचा, घरात लग्न निघालं की निघायचा, आणि काम झालं की पुन्हा कपाटात. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. कुणी लावलाच तर वडील म्हणायचे, "खेळणं न्हाई ते." दिसायला मात्र तो अगदी खेळणंच होता.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा निघताना वडिलांनी तो माझ्या पिशवीत टाकला. म्हणाले, "तुझे भाऊ मोबाईलवर काढतेत. ह्याला कोणी पुसून नाही राह्यलं. तूच ने." मी लेक असून वडिलांची वस्तू मला मिळाली, भावांना नाही, याचा मला फार आनंद झाला. तो मी बसमध्ये बसेपर्यंत चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

काळ्या प्लॅस्टिकचा, मुठीत मावणारा कॅमेरा. पुढं काचेवर सरकतं झाकण. वर दाबायचा खटका, शेजारी सरकती पट्टी, तिच्यावर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं. उजव्या अंगठ्याखाली दातेरी चाक. एक फोटो काढला की ते फिरवायचं, करकर वाजतं, आणि फिरायचं थांबलं की रोल एक घर पुढं सरकला. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी. खिडकीतून तुम्हाला काय दिसतं, ते काचेला ठाऊक नसतं आणि काचेसमोर काय आलं, ते तुम्हाला ठाऊक नसतं. फोकस फिरवायची कडीच नाही. पुढं इंग्रजीत 'फोकस फ्री' असं लिहिलेलं आहे, आणि आमचे वडील बरीच वर्षं समजत होते की कॅमेऱ्यावर फोकस फुकट मिळाला.

फोकस कारखान्यातच एकदा ठरवून टाकलेला. पाच फुटांच्या आत काही आलं तर ते धूसर होतं. पाच फुटांच्या पलीकडं मात्र सगळं सारखंच स्वच्छ: समोरचा माणूस, त्याच्या मागची बाभळ, बाभळीमागचं रान आणि रानामागचा विजेचा खांब. ह्यातलं महत्त्वाचं कोणतं, असं हा कॅमेरा विचारत नाही. मला तो आवडतो, आणि हे मी आडवळणानं सांगणार नाही. लोक म्हणतात, असले जुने कॅमेरे माणसाला सबुरी शिकवतात. मला काही शिकवली नाही. मी भोकरदनच्या शाळेत भूगोल शिकवते, आणि माझ्या आवाजानं शेजारचा वर्गसुद्धा गप्प बसतो. आता मी त्यात रोल घालते, पण तो धुऊन यायला पंधरा दिवस लागतात आणि ते पंधरा दिवस मी घरात सगळ्यांवर चिडलेली असते.

आता माझ्या सासरच्यांविषयी. सासर केदारखेड्याचं. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या, मीही तसंच म्हणते. मामांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर हिंडायच्या. मामांनी थोडी जमीन केली, पोराला शिकवलं, पण मेंढरं सोडली नाहीत. पंचवीस-तीस राखून होते. दिवस वर आला की दोघं नवरा-बायको ती घेऊन नदीकडं निघायची आणि दिवस कलला की परत यायची. माझा नवरा जालन्याला बियाण्यांच्या गोदामात नोकरीला आहे. आम्ही भोकरदनला भाड्यानं राहतो आणि रविवारी केदारखेड्याला जातो.

मेंढरं चालवायची एक रीत असते. बाप्या पुढं, बाई मागं. पुढचा वाट ठरवतो, कुणाच्या उभ्या तुरीत जनावर घुसू देत नाही, थांबायचं कुठं, वळायचं कुठं ते बघतो. मागची लंगडी, दमलेली, व्यालेली सांभाळते. दोघांच्या मधे सगळा कळप. वीस-पंचवीस पावलांचं अंतर सहज पडतं. ह्याची इतकी सवय झालेली की मेंढरं नसली तरी दोघं तसंच चालायचे. बाजारात, लग्नाला, दवाखान्यात, मामा पुढं आणि आत्या मागं. मधे मेंढरं असल्यासारखी जागा मोकळी.

मागच्या पावसाळ्यात नवऱ्यानं नवा मोबाईल घेतला आणि मेंढरांसोबत मामांचा एक फोटो काढला. घोंगडी खांद्यावर, काठी हातात, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतका स्पष्ट. बाकी सगळं मागं लोण्यासारखं विरघळलेलं. नात्यातल्या सगळ्यांनी तो पाहिला, वाहवा केली. नवऱ्यानं तो कौतुकानं आत्यांना दाखवला. आत्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "मी कुठंय?"

नवरा म्हणाला, "माय, तू मागं हाय ना. हे बघ, हे हिरवं-हिरवं."

"हे?"

"ते मोबाईल आपोआप करतो. पुढचा माणूस क्लिअर, मागचं ब्लर. भारी दिसतं तसं."

आत्यांनी मोबाईल परत दिला. नंतर भांडी घासताना मला म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचा फोटूच नव्हता. मेल्यावर राशनकार्डावरून काढून मोठा केला, तर ओळखू येईना. माझा एक फोटू असू दे, पोरी. पर एकटीचा नको. ह्यांच्यासंगचा पाह्यजे."

मी म्हटलं, त्यात काय, उद्याच मामांना शेजारी उभं करू.

"ते उभं राहतेत व्हय?" आत्या हसल्या. "आमच्या लग्नात फोटूवाला आल्ता. हे म्हणले, सगळ्यांसमोर बायकूला खेटून उभं राहायचं, लाज न्हाई का? अन् गेले बाहेर निघून. तवापासून आजपर्यंत तेच म्हणून राह्यलेत." मग ताट विसळत म्हणाल्या, "अन् आता मेंढरं बी चालली."

ती खरी गोष्ट होती. मामांचे गुडघे संपले होते. जालन्याच्या डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं, आणि मामांनी कुणाशी काही न बोलता शेजारच्या गावच्या नात्यातल्या एका माणसाला शब्द देऊन टाकला. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. आत्यांना वाईट वाटत होतं ते नुसतं जनावरांचं नव्हतं. घरात मामा ओट्यावर आणि आत्या आत चुलीपाशी. दोघांचा मिळून असा दिवस जायचा तो कळपामागंच, पंचवीस पावलांवरून का होईना. मेंढरं गेली की मामा ओट्यावर बसणार आणि आत्या आत. फोटो काढायचा तर त्या सोमवारच्या आत, आणि मामांना न सांगता.

मला लगेच वडिलांच्या कॅमेऱ्याची आठवण झाली. पुढचा आणि मागचा दोन्ही सारखे घेणारं यंत्र माझ्या कपाटात पडलेलं, आणि आम्ही मोबाईलवरच्या हिरव्यात आत्यांना शोधत होतो.

भोकरदनला बसस्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो, एवढंच काम. मालक वयानं बरेच मोठे. रोल विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "म्याडम, रोल? माझ्या पोराच्या लग्नानंतर मी रोलचं तोंड न्हाई पाह्यलं." पण त्यांनीच संभाजीनगरच्या ओळखीच्या माणसाकडून दोन रोल मागवून दिले, आणि धुवायला तिकडंच पाठवायचं कबूल केलं. शिवाय कॅमेरा हातात घेऊन, झाकण सरकवून, चाक फिरवून बराच वेळ बघत बसले. "बिलकुल बिघडायचं न्हाई हे," म्हणाले. "बिघडायला आत काही हायच न्हाई."

पहिल्या रोलचे फोटो मी दिवाळीनंतरच्या रविवारी काढले. सकाळी दहाचं ऊन. नदीकडं जाणाऱ्या गाडवाटेवर एक वळण आहे, तिथं मी आधी जाऊन उभी राहिले. मामांना सांगितलं होतं, मेंढरांचे फोटो काढतेय, शाळेत पोरांना दाखवायला. समोरून मामा आले, मागून धूळ, धुळीत कळप, आणि टोकाला आत्या. खिडकीतून सगळं फार छान दिसत होतं. मामांनी वर पाहिलं. मी खटका दाबला. चाक फिरवलं, पुन्हा दाबला. नऊ फोटो काढले.

रोल स्टुडिओत दिला आणि वाट पाहत बसले. त्या दिवसांत मला रोज नव्या शंका यायच्या. रोल दात्यात नीट अडकला होता ना? नाहीतर चाक फिरतं, आकडा पुढं सरकतो, आणि आतला रोल जागचा हलत नाही. झाकण पूर्ण उघडलं होतं ना? नवरा म्हणाला, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा मोबाईलवर मागचं धूसर होणं बंद करता येतं, एक बटण असतं. हे त्याला तेव्हा सुचलं. मी म्हटलं, मग इतके दिवस काय करत होतास? आणि खरं सांगते, त्यानं ते बटण शोधून मोबाईल आत्यांपुढं धरलासुद्धा. आत्या म्हणाल्या, "त्यात नको. त्यात तू रोज काढतो अन् रोज पुसतो." तो विषय तिथं संपला.

फोटो आले ते त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी. शाळेतून तशीच स्टुडिओत गेले. मालकांनी पाकीट पुढं केलं, पण त्यांचा चेहरा जरा अवघडलेला. "सगळे बराबर आलेत, म्याडम. शाळेतल्या पोरी आल्यात, स्टँड आला. पर हे नऊ आहेत ना, हे झाडाच्या मागून काढले का?"

नऊच्या नऊ फोटोंवर डावीकडून अर्ध्यापर्यंत एक हिरवं धुकं पसरलेलं. त्याच्या कडेला मामांचं पागोटं आणि दोन-चार मेंढरं. आत्या पूर्ण हिरव्यात गेलेल्या. मी फोटो उलटसुलट करून बघितले. त्या वळणावर झाड नाही. मग त्या हिरव्यात मला एक पिवळा पट्टा दिसला, आणि माझं डोकं लख्ख उघडलं. ती माझी साडी होती. हिरवी, पिवळ्या काठाची.

झालं होतं असं. भोकरदनला मी डोक्यावर पदर घेत नाही, आणि कुणी घ्यायला सांगितला तर त्याची धडगत नाही. केदारखेड्यात मात्र मामा समोर आले की माझा हात आपोआप वर जातो. चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही, मीही कधी ठरवलं नाही. त्या दिवशी मामांनी वर पाहिलं, तेव्हा एका हातानं कॅमेरा डोळ्याला लावलेला आणि दुसऱ्या हातानं मी पदर कपाळावर ओढला. पदराचा काठ पुढं लोंबला, तो थेट काचेवर. खिडकी वेगळी असल्यामुळं मला काहीच दिसलं नाही. मामांनी पाहिलं की पदर, खटका, पुन्हा पाहिलं की पदर, खटका. मोबाईलवाल्यानं आत्यांना जेवढं पुसलं नव्हतं, तेवढं मी माझ्या हातानं पुसलं होतं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, आणि मग आपण वर्गात पोरींना काय-काय शिकवतो ते आठवून हसूही आलं.

शनिवारी शाळा सुटल्याबरोबर केदारखेड्याला गेले आणि आत्यांना फोटो दाखवले. मला वाटलं होतं, त्या हिरमुसतील. त्यांनी तो हिरवा ढग नीट पाहिला, काठ ओळखला, आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. "सून लाजली अन् सासू गेली." मग डोळे पुसून म्हणाल्या, "परवा तो येतोय टेम्पोवाला. उद्याचाच दिवस हाय बघ." आवाजात हसू राहिलं नव्हतं.

दुसरा रोल मी त्याच रात्री न भरता सकाळी उजेडात भरला, अंगणात बसून, दाते दोन्ही बाजूंनी अडकल्याची खात्री करून. निघताना आत्यांनी मला हाक मारली. जवळ येऊन माझा पदर माझ्या खांद्यावरून ओढून घेतला, पाठीमागून फिरवला आणि कंबरेला असा घट्ट खोचला की मला श्वास घ्यायला जड गेलं. म्हणाल्या, "आज ते सासरे न्हाईत अन् तू सून न्हाई. तू फोटूवाली. मान वर ठेवायची." चौदा वर्षांत मला सासरी मिळालेला हा सगळ्यात मोठा मान आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मी वळणावर जाऊन उभी राहिले. कापसाची दुसरी वेचणी चालू होती, तुरी फुलावर होत्या. ऊन कोवळं, पण भरपूर. पट्टी उन्हाच्या चित्रावर. डोकं उघडं. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका माझ्याकडं बघून पुढं गेल्या. मला आतून धाकधूक होती ती लोकांची नव्हे, मामांची. आमच्यात सुनेचं डोकं उघडं दिसलं तर सासराच तोंड फिरवतो, तिची लाज राखायला. मामांनी तोंड फिरवलं तर आत्यांना मिळणार होता तो फोटो पाठमोऱ्या नवऱ्याचा.

मामा वळणावर आले. मला पाहिलं आणि थांबले. मागं मेंढरं एकमेकींना भिडून उभी राहिली. माझा हात उठला होता, तो मी कॅमेऱ्यावरच दाबून धरला. मामांनी माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या डबीकडं पाहिलं.

"मेंढरांचे काढून राह्यली का?"

"हो, मामा," मी म्हटलं. अर्धं खोटं होतं.

"मंग तिथं कशाला उभी हाय? सूर्व्या तोंडावर येऊन राह्यला तुझ्या. ह्या अंगाला ये, ऊन पाठीवर घे. मंग दिसतेत जनावरं बराबर."

माणूस आयुष्यभर जनावरं राखतो, ती कोणत्या अंगानं नीट दिसतात हे त्याला माहीत असणारच. मी भूगोलाची बाई, सूर्याची दिशा शिकवते, आणि उन्हाकडं तोंड करून उभी होते. मी निमूट पलीकडच्या बांधावर गेले. मामा तोंड न फिरवता पुढं चालू लागले. मागं आत्या गालातल्या गालात हसत होत्या, एवढं मला त्या छोट्या खिडकीतूनसुद्धा समजलं. मामा सहा-सात पावलांवर आले तेव्हा मी दाबला. चाक फिरवलं. पुन्हा दाबला. मामा सरळ माझ्याच दिशेनं येत होते, आणि पाच फुटांच्या आत आले तर धूसर होतील म्हणून मी मागं सरकत-सरकत बांधावरून खाली काळ्या ढेकळात बसले. बसल्या-बसल्या आणखी दोन काढले. मामा जाताना म्हणाले, "लागलं न्हाई ना?" आणि पुढं गेले.

सोमवारी टेम्पो आला. मी शाळेत होते, नवऱ्यानं सांगितलं. मामांनी एकेक मेंढी स्वतः उचलून वर चढवली, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि टेम्पो गेल्यावर मेंढरं कोंडायचं वाडगं झाडून काढलं. आत्या आत होत्या, चुलीपाशी.

ह्या खेपेला फोटो यायला वीस दिवस लागले. स्टुडिओच्या मालकांनी पाकीट न देता एक फोटो आधीच मोठा करून ठेवला होता, वहीच्या पानाएवढा. "हा मी माझ्या मनानं केला," म्हणाले. "असा फोटो रोज येत न्हाई माझ्या दुकानात." आणि त्यांनी तो काउंटरवर उताणा ठेवला.

मी अनेक कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो पाहिलेत. पण एवढं इमानदार चित्र मी पाहिलेलं नाही. पुढं मामा, पापण्या मोजता याव्यात इतके स्पष्ट. मागं कळप, एकेक शिंग वेगळं. आणि कळपाच्या टोकाला आत्या, बोटाएवढ्या दिसत होत्या, पण जशाच्या तशा. नाकातली फुलीसुद्धा चमकत होती. हल्लीचे फोन महाग-महाग होत जातात आणि काय पुसायचं ते स्वतः ठरवतात. माझ्या वडिलांच्या प्लॅस्टिकच्या डबीनं काहीही ठरवलं नव्हतं. मला त्या डबीचा अभिमान वाटला, वडिलांचाही.

रविवारी केदारखेड्याला गेले. मामा ओट्यावर बसले होते. मी फोटो आत आत्यांकडं नेला. त्यांनी हात पदराला पुसून तो दोन्ही हातांनी घेतला. आधी मामांवर बोट ठेवलं, मग हळूहळू मेंढरांवरून मागं नेत स्वतःवर. "दोघं हाय," म्हणाल्या. एवढंच.

फोटो लपवायचा कसा आणि कुठं, याचा आम्ही विचार करत होतो तोवर मामा पाणी प्यायला आत आले आणि त्यांनी तो हातात घेतला. मला वाटलं, आता चिडतील. ते फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेले. स्वतःकडं त्यांनी पाहिलंच नाही. मेंढरांकडं पाहिलं, एकदोघींना ओळखलं, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले. मग त्यांची नजर मागं गेली आणि तिथंच थांबली. इतका वेळ थांबली की आत्या उठून उभ्या राहिल्या.

फोटोत आत्यांच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं आणि त्यावर पाण्याचा कॅन होता. खांद्यावर मामांची घोंगडी, चालून अंग तापल्यावर त्यांनी काढून मागं दिलेली. पदराच्या झोळीत दोन दिवसांचं कोकरू, नुसतं तोंड बाहेर. एका हातानं त्या लंगड्या मेंढीला पुढं ढकलत होत्या. तरी चेहऱ्यावर हसू, माझ्या पदराचं.

"ह्ये एवढं?" मामांनी विचारलं. कुणाला ते कळलं नाही.

"मंग?" आत्या म्हणाल्या. "उडून येतं वाटलं का?"

मामांनी फोटोतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवलं. "घोंगडी म्हाईत होती. पाणी म्हाईत होतं. कोकरू बी म्हाईत होतं. समदं एकाच टायमाला असतंय, हे न्हाई कधी दिसलं."

दिसणार कसं? चाळीसहून जास्त वर्षं ते पुढं बघत चालले होते. मागं वळून पाहिलं तर पुढच्याचं लक्ष हटतं आणि जनावर पिकात शिरतं. त्यात त्यांची चूक नव्हती. आत्यांनीही तसं काही म्हटलं नाही. मामांनी फोटो कोनाड्यात देवाच्या बाजूला उभा करून ठेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात मामांना गुडघ्यांसाठी जालन्याला न्यायचं होतं. मी रजा काढली होती. फाइल घेऊन मी मागं थांबले होते, दाराला कडी लावत. नेहमीप्रमाणं आत्या पायरीपाशी उभ्या होत्या, मामा पुढं जायची वाट बघत. मामा निघाले नाहीत. काठी टेकून बाजूला सरले आणि म्हणाले, "तू हो पुढं."

आत्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून ते पुन्हा म्हणाले. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या निघाल्या. चार पावलं टाकून थांबल्या, मागं पाहिलं. मामा येत होते. पुन्हा चालल्या. मारुतीच्या देवळापाशी वाट फुटते. एक सरळ बसच्या फाट्यावर जाते, दुसरी नदीकडून वळसा घेऊन. ह्या गावात अख्खा जन्म काढलेली बाई तिथं उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कुणीकडून जायचं?"

"तुला जिकडून वाटंल तिकडून," मामा म्हणाले.

आत्या क्षणभर दोन्ही वाटांकडं बघत राहिल्या आणि नदीच्या वाटेला लागल्या. ती लांबची होती. त्यामुळं आमची नऊची बस गेली. मामांचे गुडघे दुखत होते, ते मला मागून दिसत होतं. तरी ते आत्यांच्या मागं चालत राहिले.